फेल्ट हॅटवरचे चार डाग

फिक्या राखाडी रंगाची, सशाच्या केसांपासून केलेल्या फेल्टची हॅट. काठ साडेसहा सेंटिमीटर रुंद, माथ्यावर लांबट खळगा, समोर दोन्ही बाजूंनी चिमटा, भोवती चार सेंटिमीटरची गडद रिबन. डाग चार प्रकारचे: चिमट्यावर बोटांनी पडलेले तेलकट काळपट डाग, रिबनच्या वरच्या कडेला घामाची पिवळट लाट, काठावर पावसाच्या थेंबांचे गोल ठसे आणि काठाच्या खालच्या बाजूला बॉलपेनची एक निळी रेघ. शिवाय सगळीकडे धूळ आणि मागे वाळलेल्या चिखलाचे दोन शिंतोडे. हे सगळं काढायला तीन दिवस लागले. त्यात हात चालवायचं काम जेमतेम तीन तासांचं होतं, बाकी सगळं सुकायची वाट पाहणं. घाई करून हे काम एका दुपारी उरकायला गेलं की हॅट हमखास बिघडते, म्हणून वेळेचा हिशेब आधीच सांगून ठेवते.

फेल्ट विणलेलं नसतं. केसांवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं एकत्र आलं की केस एकमेकांत सरकतात आणि खवले अडकल्यामुळे मागे येत नाहीत. नमदा, म्हणजेच फेल्ट, असाच जमतो. त्यामुळे कपड्यावर डाग पडल्यावर आपला हात सवयीने जे करतो, म्हणजे कोमट पाणी, साबण आणि खसाखसा घासणं, ते फेल्टवर केलं तर ती जागा आणखी जमत जाते. आक्रसते, कडक होते, वरची लव गोळा होते आणि डाग मात्र तसाच राहतो.

दुसरी गोष्ट फटींची. केसांच्या मधल्या बारीक फटींतून कुठलाही द्रव आत आणि आजूबाजूला ओढला जातो, आणि सुकताना ओल ज्या जागेवरून उडते तिथे मळ सोडून जातो. म्हणून या कामात प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: मळ आता कुठे जाईल? वर येऊन पावडरमध्ये, कागदात किंवा फडक्यात जाणार असेल तर हात घालायचा. आत जाणार असेल तर थांबायचं. कोरडं काम आधी, मग पावडर, मग तेल विरघळवणारा द्रव, त्यानंतर पाणी, वाफ जवळजवळ शेवटी आणि पॉलिश पेपर अगदीच नाइलाज झाला तर. हा क्रम उलटा केला की पुढची पायरी मागच्या पायरीचं काम बिघडवते. उदाहरणार्थ, तेलकट डागावर आधी वाफ दिली तर तेल पातळ होऊन खोल उतरतं आणि मग पावडर ते ओढू शकत नाही.

सुरुवात ब्रशने. घोड्याच्या केसांचा, मऊ, दोन ब्रश: फिक्या हॅटसाठी वेगळा, गडद हॅटसाठी वेगळा, कारण गडद हॅटची बारीक लव ब्रशमध्ये राहते आणि फिक्या हॅटवर उतरते. लवेला दिशा असते. बहुतेक हॅटवर ती वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, पण त्यावर विसंबू नये. तळहात दोन्हीकडे फिरवून बघायचा, ज्या दिशेने हात गुळगुळीत सरकतो ती लवेची दिशा. धूळ काढताना पहिली फेरी उलट दिशेने, अगदी हलक्या हाताने, खाली बसलेली धूळ उठवण्यासाठी. नंतरच्या सगळ्या फेऱ्या लवेच्या दिशेने. माथ्याच्या खळग्यात धूळ सगळ्यात जास्त साठते. तिथे ब्रशचं टोक लावून धूळ बाहेर झटकायची, दाबायची नाही.

चिखल पूर्ण वाळलेला होता, म्हणून तो सोपा गेला. ओला चिखल पुसायला जाऊ नये, पुसताना माती फटींत भरली जाते. वाळू द्यायचा, नखाने खपली उचलायची, उरलेली भुकटी ब्रशने काढायची. मागे राहिलेली फिकी सावली कोरड्या रबर स्पंजने गेली. हा काजळी झाडायला वापरतात तो सच्छिद्र रबराचा स्पंज. तो पाण्यात न भिजवता लवेच्या दिशेने छोटे छोटे फटके मारत फिरवायचा. स्पंजची बाजू काळी झाली की दुसरी बाजू घ्यायची, नाहीतर तोच मळ पुढच्या जागेवर लागतो. स्पंज नसेल तर पांढरा, मऊ, प्लॅस्टिकचा खोडरबर चालतो. रंगीत खोडरबर स्वतःचा रंग सोडतात, ते नकोत.

कोरड्या कामानंतर हॅट इतकी उजळली की अर्धे डाग केवळ धूळच होते हे लक्षात आलं. पुष्कळ हॅटचं काम इथेच संपतं, आणि संपत असेल तर पुढे जाऊच नये.

पुढे जाण्याआधी चाचणी. आतली चामड्याची घामपट्टी बाहेर उलटली की तिच्या मागे फेल्टचा एक पट्टा दिसतो. तो उजेड न लागल्यामुळे मूळ रंगाचा असतो आणि घालताना कुणाला दिसत नाही. जे जे वापरायचं आहे ते तिथे आधी लावलं: पाणी, नॅफ्था (लायटरमध्ये भरतात तो द्रव), अल्कोहोल, तिन्ही वेगवेगळ्या जागी, प्रत्येकी नखाएवढ्या ठिपक्यावर. पांढरं फडकं १० सेकंद दाबून धरलं. फडक्यावर रंग आला तर तो द्रव बाद. मग ठिपके पूर्ण सुकू दिले आणि बोटाने चाचपले. पाणी आणि नॅफ्था यांनी काही झालं नाही. अल्कोहोलच्या ठिपक्याभोवती मात्र कडक कडी तयार झाली. याचा अर्थ हॅटला कडकपणा द्यायला लाखेचा, म्हणजे चपड्याचा वापर केलेला आहे. चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि ओलीच्या कडेला जाऊन साचतो. बॉलपेनच्या रेघेच्या वेळी ही माहिती फार उपयोगी पडली.

रिबन सोडवली. ती बहुधा फक्त बोच्या, म्हणजे रिबनच्या फुलपाखरी गाठीच्या, मागे आणि दोन-तीन ठिकाणी हाताने टाचलेली असते. नखकात्रीने टाके कापायचे, रिबन ओढायची नाही. आधी चारही बाजूंनी फोटो काढले आणि बोच्या जागेवर घामपट्टीच्या आत दोऱ्याची खूण केली. रिबन काढण्यामागे दोन कारणं. ओली झाली तर तिचा रंग फिक्या फेल्टवर उतरतो, आणि घामाची लाट नेहमी रिबनखालून सुरू झालेली असते. रिबनखालचा पट्टा स्वच्छ असेल तर फेल्टचा मूळ रंगही तिथेच कळतो. कुठपर्यंत उजळवायचं हे त्यावरून ठरतं. त्याच्यापेक्षा उजळ करायचा प्रयत्न केला तर लव झिजते.

आता चिमटा. हॅट उचलताना आणि घालताना बोटं तिथेच लागतात, म्हणून तिथे त्वचेचं तेल आणि त्यात रुतलेली धूळ असा चिकट थर असतो. इथे पहिला उपाय कॉर्नफ्लोर. डागावर दोन-तीन मिलिमीटरचा थर दिला, बोटाने हलकंच थोपटला, चोळला नाही, आणि रात्रभर ठेवला. हॅट उताणी ठेवून चिमटा आडवा राहील असा टॉवेलचा आधार दिला, नाहीतर पावडर घसरून पडते. सकाळी हॅट उलटी करून टिचक्या मारल्या आणि ब्रशने उरलेली पावडर काढली. डाग थोडा फिका झाला होता, पण गेला नव्हता. ताज्या तेलावर नुसती पावडर छान चालते, कारण तेल अजून पातळ असतं. जुनं तेल घट्ट झालेलं असतं आणि कोरड्या पावडरमध्ये ते आपणहून चढत नाही. त्याला आधी पातळ करावं लागतं.

त्यासाठी लेप. दोन मोठे चमचे मुलतानी माती, चाळलेली आणि पूर्ण कोरडी, आणि त्यात नॅफ्था थेंबाथेंबाने, टूथपेस्टइतकं घट्ट होईपर्यंत. साधारण एक मोठा चमचा लागला. नॅफ्था तेल विरघळवतो, पण चपड्याला हात लावत नाही आणि केसांना फुगवत नाही, म्हणून फेल्टवर तो पाण्यापेक्षा सुरक्षित. गाडीचं पेट्रोल वापरू नये, त्यात रंग आणि इतर घटक असतात आणि वास महिनोन्‌महिने जात नाही. रॉकेल तर स्वतःच तेलकट डाग सोडतं.

लेप डागाच्या कडेपलीकडे एक सेंटिमीटर जाईल असा, तीन-चार मिलिमीटर जाड लावला. नुसत्या डागापुरता लावला तर द्रव बाजूला सरकून तेलाची नवी कडी तयार होते. लेपावर मलमलीचा तुकडा सैलसर टाकला, म्हणजे द्रव सावकाश उडतो. नॅफ्था उडताना वर येतो, विरघळलेलं तेल बरोबर आणतो आणि ते मातीत सोडतो. दोन तासांनी लेप भुगा झाला. झटकल्यावर मातीच्या खालच्या बाजूला स्पष्ट करडा ठसा होता. दुसऱ्या लेपात ठसा फिका, तिसऱ्यात जवळजवळ काहीच नाही. तिथे थांबले. ठसा यायचा बंद झाल्यावर लेप देत राहण्यात अर्थ नसतो.

नॅफ्थाबद्दल एवढं जरूर पाळावं. काम उघड्या हवेत किंवा सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून करायचं. जवळ ज्योत, शेगडी, हीटर, सिगारेट नको. याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत दूर जाऊन पेट घेऊ शकते, त्यामुळे “शेगडी तर पलीकडे आहे” हा हिशेब चालत नाही. हातात नायट्राइलचे मोजे. भिजलेली फडकी आणि माती बाहेर पसरून पूर्ण सुकल्यावरच कचऱ्यात टाकायची. आणि नॅफ्था पूर्ण उडून जाईपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, त्या हॅटला वाफ द्यायची नाही.

चिमट्याच्या टोकावर एक सावधगिरी. दुमड सतत हाताळल्यामुळे तिथलं फेल्ट आधीच पातळ झालेलं असतं. उजेडासमोर धरून बघितलं तर कळतं. पातळ जागी लेप नखाने खरवडून काढला तर भोक पडायला वेळ लागत नाही. हॅटला चिमट्यात धरून उचलणं बंद करणं हाच त्या जागेवरचा खरा इलाज आहे, हॅट काठाला पुढून-मागून धरून उचलावी.

घामाच्या लाटेत दोन वेगळे मळ असतात आणि लोक इथेच फसतात. घामात मीठ आणि पाण्यात विरघळणारे इतर पदार्थ असतात, आणि त्यासोबत त्वचेचं तेल येतं. तेल पाण्याने निघत नाही, मीठ नॅफ्थाने निघत नाही. नुसतं पाणी लावलं तर तेलाने माखलेले केस ओलेच होत नाहीत. पाणी त्यांना वळसा घालून मीठ आणखी वर नेतं आणि लाट एक सेंटिमीटरने उंच होते. म्हणून आधी नॅफ्थाने ओलसर केलेलं फडकं लाटेवर टिपत नेलं, त्यावर लगेच कोरडं कॉर्नफ्लोर, तासाभराने ब्रश. हे दोनदा. मग एक दिवस हवेवर.

दुसऱ्या टप्प्याला पाणी, आणि तेही डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यात स्वतःचे क्षार असतात आणि ते सुकताना कडेवर दिसतात. २०० मिलिलिटर पाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पांढरं व्हिनेगर. केस आणि लोकर यांना किंचित आंबट पाणी सोसतं, खारं म्हणजे अल्कधर्मी पाणी सोसत नाही. त्यामुळे धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, भांड्यांची पावडर यांपैकी काहीच फेल्टला लावू नये. एन्झाइमवाले डिटर्जंट तर मुळीच नाही, त्यातलं एक एन्झाइम प्रथिनं तोडण्यासाठीच असतं आणि फेल्ट हे पूर्णपणे प्रथिन आहे. क्लोरिनचं ब्लीच लोकर आणि केस सरळ विरघळवतं.

पाणी लावण्याआधी घामपट्टी बाहेर उलटली आणि आतून, फेल्ट आणि अस्तर यांच्यामध्ये, पातळ प्लॅस्टिक सरकवलं. प्लॅस्टिक आतली वाट बंद करतं, म्हणजे ओल बाहेरच्या बाजूनेच उडते आणि मळ बाहेरच येतो. अस्तर चिकटवलेलं असेल तर ते उचकटू नये. अशा वेळी प्लॅस्टिक लावता येत नाही, मग पाणी आणखी कमी वापरायचं.

जुना, पांढरा, मऊ सुती कपडा बोटाला गुंडाळला, पाण्यात बुडवला आणि पिळून पिळून इतका कोरडा केला की मनगटावर टेकवल्यावर गार लागेल पण ओल उमटणार नाही. लाटेवर सुमारे १० सेंटिमीटरचा भाग घेऊन टिपायला सुरुवात केली, वरच्या कडेकडून खाली रिबनच्या जागेकडे. प्रत्येक तीन-चार टिपण्यांनंतर कपड्याची नवी जागा. सुरुवातीला कपड्यावर चहासारखा रंग उमटत होता. पूर्ण वेढा होईपर्यंत सहा तुकडे बदलले. मग तेच नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. शेवटी लाटेच्या वरची चार-पाच सेंटिमीटर जागा उत्तरोत्तर कोरड्या होत जाणाऱ्या कपड्याने टिपली, म्हणजे ओल एका ठिकाणी तुटत नाही, विरत जाते. जिथे ओल तुटते तिथेच नवी कडी उमटते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते संपूर्ण कामात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ओल्या पट्ट्यावर साध्या पांढऱ्या टिश्यू पेपरचे तीन थर, डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलावून, फेल्टला चिकटून बसतील असे दाबून लावले. मध्ये हवेचा फुगा राहिला तर त्या जागी काम होत नाही, म्हणून बोटाने कडेपर्यंत दाबत न्यायचं. मग हॅट सावलीत ठेवली. ओल आता कागदाच्या पृष्ठभागावरून उडते, त्यामुळे सुकतानाची कडी कागदात उमटते, फेल्टवर नाही. बारा तासांनी कागद सोलला तेव्हा त्यावर पिवळट तपकिरी नागमोडी रेघ होती, अगदी हॅटवरच्या लाटेसारखी. दुसऱ्यांदा कागद लावल्यावर फारच फिकी रेघ आली. लाट हॅटवरून पूर्ण गेली असं म्हणता येणार नाही, शेजारी बसून पाहिलं तर एका बाजूला किंचित सावली आहे. वर्षानुवर्षांच्या घामाने केसांचा रंगच बदललेला असतो. तो मळ नसतो, त्यामुळे काढताही येत नाही. त्या सावलीवर पेरॉक्साइड लावायचा मोह होतो. लावू नये, फेल्टचा रंगही त्याबरोबर उडतो आणि पिवळ्या सावलीच्या जागी पांढरा पट्टा येतो.

घामपट्टी स्वच्छ केली नाही तर पहिल्या उन्हात लाट परत येते. चामड्यासाठी खोगिराचा साबण, म्हणजे सॅडल सोप, ओल्या स्पंजवर घासून नुसता फेस घेतला, त्याने पट्टी पुसली, लगेच दुसऱ्या ओलसर फडक्याने फेस काढला, मग कोरड्याने टिपली. ओलं चामडं उष्णतेजवळ नेलं की आकसतं, पट्टी फेल्टला शिवलेली असल्यामुळे हॅट एक मापाने घट्ट होते आणि टाके ताणतात. हेअर ड्रायर, ऊन, हीटर या तिन्हींपासून दूर. पट्टी बाहेर उलटलेली ठेवून हॅट तिच्यावरच उभी केली की काठ टेबलाला टेकत नाही, त्याचा आकारही बिघडत नाही आणि खालून हवा खेळते.

बॉलपेनची रेघ. तिची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चपडाही, म्हणजे इथे काहीतरी सोडावंच लागणार हे चाचणीतच कळलं होतं. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं पाणी असतं, ते शाई पसरवतं. कापसाची काडी बुडवून टिपकागदावर टेकवली आणि जवळजवळ कोरडी झाल्यावर रेघेवर लाटण्यासारखी फिरवली, घासली नाही. एक काडी, एकच फिरवणं, मग नवी काडी. पंधरा काड्यांनंतर रेघ निम्म्याहून फिकी झाली आणि कापसावर निळं यायचं थांबलं. कडेला चपड्याची बारीक कडी बोटाला लागत होती. ती नंतर वाफेने मऊ पडली.

उरलेल्या फिक्या रेघेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर, बोटाच्या टोकावर धरून, लवेच्या दिशेने आठ हलके फटके. पॉलिश पेपर डाग काढत नाही, तो डाग लागलेली केसांची टोकंच काढून टाकतो, म्हणून त्याची मोजदाद ठेवावी. एका जागेवर आयुष्यात दोन-तीन वेळा, त्याहून जास्त नाही. ६०० च्या खालचा खरखरीत कागद खाचा पाडतो. आणि लोकरीच्या फेल्टवर हा उपाय जवळजवळ नकोच. तिथले केस जाड आणि सैलसर असतात, कागद फिरला की गोळे उठतात.

फार जुन्या हॅटबाबत इथे एक गंभीर गोष्ट. सशाचे आणि बीव्हरचे केस जमावेत म्हणून पूर्वी त्यांना पाऱ्याच्या नायट्रेटचं पाणी देत. अमेरिकेत हॅटच्या धंद्यातला हा वापर १ डिसेंबर १९४१ पासून बंद झाला. त्याआधीच्या हॅटच्या फेल्टमध्ये पारा आजही असू शकतो. अशा हॅटला पॉलिश पेपर लावू नये, वाफ देऊ नये, धूळ उडेल असं झटकू नये. मोजे घालून हाताळावी आणि डाग असेल तर असू द्यावा.

पावसाचे ठसे शेवटी, कारण त्यांना वाफ लागते. थेंब पडतो तिथली लव झोपते आणि धूळ थेंबाच्या कडेला सरकून बसते. तो भाग पुसून चालत नाही, कारण एक ठसा मिटवताना शेजारी दुसरा पडतो. सगळा काठ सारखाच ओलसर करावा लागतो. किटलीला जोरात उकळी आणून हॅट तोटीपासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरली, माथ्याला धरून, हातात जाड मोजा घालून. एका जागेवर पाच-सहा सेकंद, मग पुढे. दोन वेढे झाल्यावर लगेच ब्रश, लवेच्या दिशेने, लांब फटक्यांनी. ठसे तिसऱ्या वेढ्याला गेले. तोटीच्या जास्त जवळ गेलं तर वाफेबरोबर पाण्याचे शिंतोडे उडतात आणि नवे ठसे पडतात. किटली निम्म्याहून जास्त भरली की हेच होतं.

वाफेने चपडा मऊ पडतो, काठ लुळा होतो. याचा फायदा घ्यायचा: काठाची समोरची बाजू हाताने खाली वळवली, मागची वर, माथ्याचा खळगा आतून बोटांनी सरळ केला. मग अर्धा तास हात लावला नाही. गार होताना जो आकार असतो तोच बसतो. गरम असताना हॅट खुंटीला टांगली तर खुंटीचा उंचवटा माथ्यावर कायमचा राहतो. वाफ दिल्यावर माप थोडं सैल किंवा घट्ट होऊ शकतं, म्हणून आत टॉवेलची गुंडाळी मापाला घट्ट बसेल अशी ठेवली.

या हॅटवर नव्हते पण नेहमी विचारले जाणारे काही डाग. रक्तावर फक्त गार पाणी, टिपून. ऊब लागली की रक्तातलं प्रथिन गोठून केसांना धरून बसतं. मेण सांडलं तर बर्फाची पिशवी ठेवून ते कडक करायचं, मोडून उचलायचं, उरलेलं टिपकागद आणि अगदी मंद इस्त्रीने ओढायचं. नेलपॉलिशला अ‍ॅसिटोन लावण्याआधी अस्तर कशाचं आहे ते बघावं, अ‍ॅसिटेटचं असेल तर ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. बुरशी घराबाहेर, नाकाला मास्क लावून, पूर्ण वाळल्यावर झटकायची. ओली असताना पुसली तर बीजाणू आत जातात. काळ्या हॅटवर कॉर्नफ्लोर फटींत पांढरं दिसत राहतं. तिथे मुलतानी माती बरी, आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमल बांधून, सगळ्यात कमी ओढीवर ती काढून घ्यायची.

रिबन मूळ जागी, जुन्याच टाक्यांच्या भोकांतून, एकेरी दोऱ्याने टाचली. टाका फेल्टच्या अर्ध्याच जाडीतून घेतला, आरपार गेला तर घामपट्टीच्या आत गाठ टोचते. रिबन आधी इस्त्री करून पूर्ण गार केली होती, गरम रिबन ताणून बसवली तर गार झाल्यावर ती आवळते आणि फेल्टला कंबर पडते.

हॅट आठ दिवस कपाटाबाहेर ठेवली आणि मग खिडकीशी, तिरक्या उजेडात पाहिली. खोलवर राहिलेलं तेल या आठ दिवसांत हळूहळू पृष्ठभागावर चढतं, म्हणून लगेच पाहून काही कळत नाही. चिमट्याच्या डाव्या बाजूला नाण्याएवढी सावली परत आली होती. तिच्यावर चौथा लेप लावला, दोन तासांनी मातीवर पुन्हा करडा ठसा आला.